पडण्याची वहिवाट

चेतातंतू दाखवणाऱ्या तंतुचित्रात दिगंबर शेळकेचे पाय उत्तम दिसत होते. कण्यातून निघालेला संदेश अंगठ्यापर्यंत धडधाकट माणसापेक्षाही लवकर पोचत होता. आणि तरीही दिगंबर संशोधन संस्थेच्या चालण्याच्या दालनात, दोन कठड्यांच्या मधोमध, पुन्हा आडवा झाला होता.

"करायला गेलो काय अन् वरती झाले पाय," तो गादीवरूनच म्हणाला.

वृंदा हसली नाही. तिनं धाकट्या भावाच्या काखेत हात घालून त्याला उठवलं, खुर्चीत बसवलं आणि गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाहिली. पाय टणकन उडाला. पायाची काही तक्रार नव्हती.

माणसं कशाच्याही नादी लागतात. डॉ. वृंदा शेळके ऐन पंचविशीत चरबीच्या एका पातळ थराच्या नादी लागली आणि साठी जवळ आली तरी तो नाद सुटला नव्हता. त्या थराचं नाव मायलिन. चेतातंतूभोवती तो तारेवरच्या प्लॅस्टिकसारखा गुंडाळलेला असतो. तो शाबूत असला की संदेश पळतो, झिजला की रखडतो, गळून गेला की वाटेतच विरतो. त्या थरापायी वृंदाचं लग्न राहून गेलं. आईवडील गेल्यावर, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेला दिगू तेवढा तिनं पोटच्या पोरासारखा वाढवला. तो मोजणी खात्यात लागला, लोकांच्या बांधांची भांडणं मोजत सांगली जिल्हाभर हिंडू लागला, आणि तिशी उलटते न उलटते तोच त्याचे पाय अडखळू लागले. वेष्टनक्षय. शरीराची राखण करणारी फौजच मायलिन कुरतडायला लागते, तो आजार. जगात इतके आजार असताना नेमका हाच आपल्या घरी यावा, याची वृंदाला चीड आली. रडण्यापेक्षा चिडणं तिला सोपं जायचं.

त्या चिडीतूनच वेष्टनवर्धक हे औषध निघालं. मेंदूत निजून राहिलेल्या वेष्टकपेशींना ते जागं करायचं, आणि जाग्या झालेल्या पेशी पुन्हा झोपत नसत. पण त्या दिसेल त्या तंतूला मायलिन गुंडाळत नसत. ज्या वाटेनं संदेशांची ये-जा जास्त, तिलाच वेष्टन. जी वाट ओस, ती उघडीच. हे वृंदानं जेवता जेवता दिगूला सांगितलं तेव्हा तो हातातला घास तसाच ठेवून म्हणाला होता, "म्हणजे वहिवाटच की, अक्का. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या रानातनं बैलगाडी नेली, की तो रस्ता तुझा. मग मालकाचा बाप आला तरी बंद करता येत नाही."

संस्थेत त्या नियमाला वहिवाटीचा नियम हेच नाव पडलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे आपल्याकडे पूर्वीपासून सांगतातच. वृंदानं ते पेशीत नेऊन दाखवलं, एवढंच.

उपचार सरळ होता. औषध द्यायचं आणि रुग्णाला रोज चालवायचं, म्हणजे चालण्याच्या वाटेवर वेष्टन चढेल. उंदीर चालले होते. फक्त घाबरलेल्या उंदरांत गुण येत नव्हता, म्हणून माणसांची पाळी आली तेव्हा वृंदानं एक दंडक घातला: सरावाच्या वेळी प्रत्येक रुग्णाजवळ त्याच्या घरचं माणूस हवंच. आपल्या माणसाजवळ माणूस निर्धास्त असतो. दिगूजवळ ती स्वतः उभी राहायची.

आता सहा रुग्णांची वेष्टनं भरून आली होती, आणि त्यांतले चार पडत होते.

"दोघं चालतायत, मॅडम," डॉ. इक्बाल नदाफ म्हणाला. चालण्याचं दालन त्याच्याकडे होतं. तासगावचा हा तरुण शरीरशास्त्रज्ञ वृंदापुढे कमी बोलायचा. त्यात आदर किती आणि धाक किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. "एक ते कुरुंदकर मास्तर, आणि दुसरा तुरुंगातून आणतात तो संपत."

"औषध तेच, मात्रा तीच. मग बाकीच्यांना काय धाड भरलीय?"

"पडणाऱ्यांचं वेष्टन उलट जास्त जाड आहे."

"कुठल्या वाटेवर?"

इक्बालनं तंतुचित्र मोठं केलं. "ही चालण्याची वाट. चांगली भरलीय. पण तिला लागून ही दुसरी बघा. तोल जाताना अंग आखडतं, पोटात खड्डा पडतो, गुडघे सुटतात, ती वाट. ही पहिलीपेक्षा जाड आहे. पाऊल उचलायचा हुकूम निघाला, की दोन्ही वाटांवर जातो. आणि दुसरी आधी पोचते."

"म्हणजे पाऊल पडायच्या आधी माणूस पडतो."

"हो."

"पण ती वाट वापरली कुणी? कमरेला पट्टा बांधून चालवलं आपण. सरावात एकालाही पडू दिलेलं नाही."

"मेंदूला पडायला जमीन लागत नाही, मॅडम. पडण्याचं नुसतं मनात आलं तरी तीच वाट पेटते."

"आणि पावलागणिक पडण्याचं मनात कशाला येईल?"

वृंदा तरातरा दालनात निघून गेली. उत्तर तिथंच चालत होतं.

डावीकडच्या कठड्यात संपत होता. त्याच्यासोबतचा हवालदार बाकावर बसून मोबाईल बघत होता, आणि मान वर न करताच म्हणत होता, "चल. चल की रं. आटप लवकर, मला गाडी गाठायचीय." संपत चालत होता. त्याला घरचं कुणी भेटायलाही येत नसे. सरावाला हवालदार आला, तोच घरचा म्हणून चालवून घेतला होता. पलीकडे कुरुंदकर मास्तर एकटेच फेऱ्या मारत होते. त्यांनाही मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून दंडकातून सूट होती. कंटाळा येऊ नये म्हणून ते सराव करताना पाढे म्हणत, आणि आता पाढे म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे. पण उचलत होतं.

उजवीकडच्या कठड्यात एक आई आपल्या पंचविशीतल्या मुलापुढं उलटं चालत होती. दोन्ही हात पसरलेले, डोळे त्याच्या पायांवर.

"हळू रे सोन्या. जपून. पडशील हं."

सोन्या कोसळला.

वृंदा जागच्या जागी उभी राहिली. दुसरं बोलतो काय आपण? मूल भिंतीला धरून उभं राहिलं, पडशील. जिन्यावर गेलं, पडशील. सायकल शिकलं, पडशील. तुझ्यावर माझा जीव आहे, असं आपल्याकडे कोणी कोणाला म्हणत नाही. त्या वाक्याला आपल्याकडे हाच शब्द आहे. वृंदानंही दुसरं काही म्हटलं नव्हतं. महिनोन्महिने, दिगूच्या दर पावलाला, त्याच्या कोपराखाली हात धरून: जपून दिगू, पडशील. शब्द कानावर गेला की दिगू मनात पडायचा. आणि तिनंच जाग्या केलेल्या पेशी इमानेइतबारे त्या पडण्याला वेष्टन चढवत होत्या. बेपर्वा हवालदारानं कैदी चालता केला, आणि जीव लावणाऱ्यांनी आपली माणसं पाडली. तिनं बाकाचा आधार घेतला आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर रडली.

दुसऱ्या दिवसापासून नातेवाइकांना दालन बंद झालं. इक्बालनं विनवणी करून हवालदाराला दिगूसाठीही थांबवून घेतलं. तो बिचारा घसा बसेपर्यंत "चल, चल" करत राहिला. काही उपयोग झाला नाही. हुकूम निघाला की जाड वाटेनं आधी पोचायचा, दिगू पडायचा. चालण्याच्या वाटेची पाळीच येत नव्हती. जी वाट वापरली जात नाही तिला वेष्टन नाही. जी वापरली जाते ती आणखी जाड. दर पडण्यागणिक पडणं पक्कं होत चाललं.

मग दिगू खुर्चीत बसल्या बसल्या पडू लागला. मग पलंगावर पडल्या पडल्या. गादी पाठीखाली असायची आणि तरी त्याच्या पोटात खड्डा पडायचा, हात कठड्याकडे धावायचे, तोंडून आवाज निघायचा. वृंदाचा आवाज ऐकला तर हमखास. पुढं पुढं तिच्या चपलांची चाहूल पुरू लागली. आजारानं त्याचे फक्त पाय नेले होते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

वृंदा खोलीबाहेरूनच परिचारिकेकडे विचारपूस करू लागली, तीही हावभावांनी.

एका दुपारी इक्बाल तिच्यासमोर येऊन बसला. "दिगंबररावांचा निरोप आहे."

"बोल."

"म्हणाले, अक्काला सांगा, माझा आजार मला परत द्या."

वृंदानं मान झटकली.

"खुळ्यासारखं नाही बोलले, मॅडम. विचार करून बोललेत. पेशी झोपवता येत नाहीत, वेष्टन खरवडता येत नाही. पण त्यांच्या आजाराला तेच तर येतं. शरीराच्या फौजेला आवरणारं रोधक औषध आपण देतो, म्हणून ती गप्प आहे. रोधक थांबवलं, की मायलिन कुरतडायला लागेल. पडण्याची वाटही जाईल. म्हणाले, पाय गेले तर गेले. लोळागोळा होऊन पडेन, पण पडल्यासारखं तरी वाटणार नाही."

"त्याला वाटतं आजार बांध बघून खातो," वृंदा म्हणाली. "इक्बाल, पातळ वेष्टन आधी जातं. उमेदीत मी हेच पाहत होते, नावही त्यावरच झालं. आता त्याच्यात सगळ्यांत जाड काय आहे?"

"पडण्याची वाट," इक्बाल म्हणाला.

"आधी डोळे जातील. मग हात. मग बोलणं, गिळणं. पाय तर जातीलच. सगळं ओस पडलं तरी ती एक वाट शाबूत असेल. त्याला काही दिसणार नाही, काही सांगता येणार नाही, आणि तो पडत असेल. कठडा धरायला हात नसतील."

"मग त्यांना काय सांगू?"

"तू नको सांगूस. मी सांगते."

ती चपला काढून अनवाणी गेली. दिगूचे डोळे मिटलेले होते. ती दारात थांबली, आणि नुसत्या श्वासावरून असेल, त्याला कळलं. त्याचे दोन्ही हात कठड्यावर आवळले.

"अक्का ना?" तो म्हणाला. "बोल. मी घट्ट धरलंय."

तिनं सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवून आली होती, पण दिगूला अर्धवट उत्तर कधी चालत नसे, म्हणून सगळं सांगितलं. ती बोलत होती तोवर तो पडत होता. कपाळावर घाम फुटला, दात वाजले, पण त्यानं तिला थांब म्हटलं नाही.

"मग नको," शेवटी तो म्हणाला. "राहू दे आहे तसं. पण तू येत जा. तुझं ऐकून पोटात खड्डा पडतो, पण आवाज तरी ऐकू येतो. या वेळेला येत जा. मी धरून ठेवीन."

"येईन," वृंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. गेलं की वाट पेटणार, पेटली की जाड होणार. आपण गेलो नाही तर निदान तेवढी तरी भर पडणार नाही. वर्षभर, दोन वर्षं दूर राहिलो तर दुसरी एखादी वाट पुढं येईल. तिसऱ्या दिवशीही ती गेली नाही. जेवण जाईना. दिगूला काय वाटत असेल, हा विचार मनात आला की ती तंतुचित्रं काढून बसायची.

चौथ्या दिवशी इक्बाल नवं तंतुचित्र घेऊन आला. वृंदानं पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. पडण्याची वाट आणखी जाड झाली होती.

"मी तर गेलेच नाही," ती म्हणाली.

"तुमच्या वेळेच्या तासभर आधीपासून ते कठडा धरून बसतात, मॅडम. दाराकडे कान लावून. आली नाही म्हणजे आता येईल, आता येईल असं त्यांचं चालतं. तुम्ही आलात की दहा मिनिटं पडायचे. आता संध्याकाळपर्यंत पडतात."

चित्र बरोबर होतं, नियमही बरोबर होता. वृंदानं घड्याळ पाहिलं, चपला घातल्या, आणि दिगूला आधीपासून चाहूल लागावी म्हणून पाय वाजवत त्याच्या खोलीकडे गेली.