दहापैकी दहा

धम्मशीला आमच्या दैनिकात लागली त्या दिवशी मालकांनी तिच्या संगणकाचा माऊस काढून कपाटात ठेवला. तिला त्याचा उपयोग नव्हता. तिला जन्मापासून दिसत नाही. कानाला हेडफोन लावून ती फक्त कीबोर्डवर काम करायची. पडद्यावर जे असेल ते संगणक तिला वाचून दाखवायचा.

आमचे परभणीचे कार्यालय बस स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर आहे. मे महिना होता. खोलीभर कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास असायचा. संध्याकाळी तालुक्यांचे वार्ताहर फोनवर बातम्या सांगत, धम्मशीला त्या टाईप करी, मी तपासून जिल्हा पान लावी. मालक परमेश्वरराव यांची अट साधी होती. महिनाअखेरीस तिने कुणाचीही मदत न घेता अख्खे पान करून दाखवायचे. जमले तर नोकरी कायम, नाही तर गावी, ताडकळसला परत. तिथून रोज तिची आई, मालनबाई, तिला बसने आणून सोडी आणि जिन्याखाली बसून राही.

म्हणून तिने वर्ड प्रोसेसरमध्ये स्वतःचा मेनू करायला घेतला. ऑल्ट दाबून वरच्या पट्टीवर जायचे, बाणाच्या कळांनी 'कस्टमाइझ'ची चौकट उघडायची, टॅबने पुढे सरकत हवे ते निवडायचे आणि एंटर. मी इतकी वर्षे त्याच पट्टीवर माऊस फिरवत आलो. ती नुसत्या कळांनीही चालते हे मला ठाऊक नव्हते. मेनूचे नाव तिने 'तालुके' ठेवले. जिल्ह्याचे तालुके नऊ, नोंदी नऊ. नोंदीवर एंटर दाबले की बातमीची सुरुवात पानावर उमटे : 'सोनपेठ, वार्ताहर :'

सोनपेठचे नागनाथ सर्वांत जुने वार्ताहर. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे मलाही ऐकू येई.

"काय गं धम्मे, काल माझी बातमी कुठं पुरली? भिंग घेऊन हुडकली."

"मामा, बातमीच तेवढी व्हती. आमी काय ताणून लांब करावी का?"

"कायम होऊ दे तुला, मग बघतो तुझ्याकडं. पेढे घेऊन येतो."

एका दुपारी तिने मला हाक मारली.

"सर, सोनपेठ दोनदा पडलंय का बघा बरं. मला दहा ऐकू यायलेत. सहावं सोनपेठ, अन् दहावं बी सोनपेठच."

मी पाहिले. पडद्यावर नऊच नोंदी होत्या. मग तिचा हेडफोन मी कानाला लावला आणि ती बाणाची कळ दाबत गेली. यंत्राचा आवाज सपाट होता, प्रत्येक नाव मध्येच तोडणारा. "सोन पेठ, दहापैकी सहा." निवडीची निळी पट्टी एकेका नावावरून उतरत पूर्णा या शेवटच्या नावावर आली. तिने आणखी एकदा कळ दाबली. पट्टी पूर्णावरून खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

"सोनपेठ," कानात आले. "दहापैकी दहा."

या वेळी नाव तुटले नाही. दमून बसलेल्या माणसाने सांगावे तसे ते आले.

सॉफ्टवेअरमधला दोष, मी म्हणालो.

दोन दिवसांनी घाईत तिच्याकडून ती दहावी नोंद दाबली गेली. पूर्णाची बातमी संपली तिथे 'सोनपेठ, वार्ताहर :' एवढेच छापून आले, खाली कोरी जागा. माझ्याही नजरेतून ते सुटले होते. परमेश्वररावांनी अंक तिच्या टेबलावर आपटला.

"कोऱ्या बातम्या छापायल्या का आपण? ती जास्तीची नोंद आजच्या आज काढ. उद्या तुझी परीक्षा हाय. पुन्हा असं दिसलं तर मायीसंग गावाकडं जायचं."

ते गेल्यावर ती बाणाने दहाव्या नोंदीवर जाऊन आली.

"काढू वाटंना सर."

"का?"

"तिथं गेलं की कुणीतरी बोलायचं थांबलंय असं वाटतंय."

"नोकरी हवी ना?"

तिने मान हलवली. परीक्षेच्या दिवशी, पान सुरू करण्याआधी, तिने चौकट उघडली, बाणाने दहावी नोंद गाठली आणि ती काढून टाकली. मग मेनू पुन्हा ऐकला. तिचा चेहरा मोकळा झाला.

"पूर्णा, नऊपैकी नऊ. गेली सर."

मी पडद्यावर पाहिले. आठ नोंदी होत्या. सोनपेठ नव्हते.

"सहाव्यावर जा."

"हे काय. सोनपेठ, नऊपैकी सहा."

निळी पट्टी पाथरी आणि गंगाखेडच्या मध्ये नाहीशी झाली होती.

मालक समोर उभे होते. मी तिला पान सुरू करायला सांगितले.

नागनाथांचा फोन त्या संध्याकाळी आलाच नाही. उरलेल्या आठ तालुक्यांचे पान तिने एकटीने केले, एकही चूक न करता. परमेश्वररावांनी तिथेच सांगितले, कायम. जिन्याखाली मालनबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"मामांनी आजच दांडी मारली," धम्मशीला म्हणाली. "उद्या बघते त्यांच्याकडं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या मोबाईलवर नागनाथांच्या मुलाचा फोन आला. मी बाहेर गॅलरीत जाऊन घेतला. आदल्या संध्याकाळी त्यांची मोटारसायकल घसरली होती. सकाळी गुराख्याला त्यांचे प्रेत दिसले.

तिला कसे सांगावे याचा विचार करत मी आत आलो.

ती हसत होती.

"बोला मामा. काल कुठं व्हता? मी कायम झाले! पेढे राहिले तुमचे."

तिचा मोबाईल टेबलावर पालथा पडला होता. तो वाजलाच नव्हता. हेडफोनची वायर संगणकात होती.

तिने ऑल्ट दाबले. बाण खाली, खाली. एंटर.

पानावर उमटले : 'सोनपेठ, वार्ताहर :'

मग तिची बोटे नेहमीच्या वेगाने चालू लागली. मोटारसायकल घसरून एकाचा मृत्यू. रात्रभर रस्त्याकडेच्या चारीत पडून. हाका मारल्या, रस्त्याने वाहने गेली, कुणी थांबले नाही.

बोटे थांबली.

"मामा, मयताचं नाव?"

ती ऐकत राहिली. मग माझ्या दिशेने वळली.

"नाव सांगायले न्हाईत सर. म्हणायलेत, पोरानं आत्ता गॅलरीत तुमाला सांगितलंय."