जोडावरचं मडकं

इनामगावच्या पांढऱ्या टेकाडाच्या एका अंगाला अपेक्षाचं घर, दुसऱ्या अंगाला तिची पोल्ट्री. मधलं अंतर जेमतेम शंभर पावलांचं, पण त्या शंभर पावलांनी बाईच्या जिवाला घोर लावला होता. तिचं पहिलं लेकरू पाळण्यात झोपलं ते पुन्हा उठलंच नाही. आता सहा महिन्यांचा रुद्र झोपला, की कोंबड्यांना खाद्य घालता घालता ती चार वेळा घराकडं पळायची. शेवटी तिनं शिरूरहून कॅमेरे बसवणाऱ्या पोपटला बोलावलं. पाळण्यावर कॅमेरा बसव म्हणाली, आणि पोल्ट्रीतल्या खोलीत टीव्हीवर मला माझं लेकरू दिसू दे.

दोन हजार नऊ सालचा उन्हाळा तो. पोपट पुण्याला चार दिवस शिकून आलेला, त्यामुळं हुशारी नुसती ओसंडून चालली होती.

"ह्या कॅमेऱ्याला येगळी लाइट लागत न्हाई, मामा," केबलसाठी चर खणणाऱ्या म्हाताऱ्या भैरूला तो सांगत होता. "हीच एक केबल. हिच्यातनंच इकडनं वीज जाती, आन् हिच्यातनंच तिकडचं चित्र येतं. केबल उपसली की कॅमेरा मेला."

टेकाडात भैरूची कुदळ थांबली. मातीत दोन मडकी आडवी होती, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. आत भुसभुशीत माती आणि काडीएवढी हाडं.

"पोपट, हे झाकून टाकू. माझा बा हितल्या जुन्या वस्तीच्या सरकारी खोदकामावर मजूर व्हता. जुनी माणसं मेलेलं लेकरू घरातच पुरायची म्हनं... अशाच मडक्यात. आईपासनं लांब जाऊ नये म्हनून."

"कोंबडीची हाडं हायत ती! पोल्ट्रीशेजारी दुसरं काय निघणार?"

केबल नेमकी तिथंच कमी पडली. पोपटनं दुसरा तुकडा जोडला, पण जोडावर बसवायची प्लास्टिकची डबी शिरूरलाच राहिली होती. गडी डोक्यानं तरतरीत. त्यानं एक मडकं झटकून रिकामं केलं आणि पाणी लागू नये म्हणून जोडावर पालथं घातलं. भैरूनं कानाला हात लावले. पोपट हसला आणि त्यानं पायानंच माती लोटली.

दुपारी तीनच्या सुमाराला त्यानं पोल्ट्रीतल्या खोलीत केबल स्विचला, म्हणजे तिला वीज देणाऱ्या डबीला लावली. हिरवा दिवा लागला आणि टीव्हीवर पाळणा दिसला. रुद्र मुठी आपटत रडत होता. या कॅमेऱ्याला आवाज नव्हता, नुसतं उघडं तोंड दिसत होतं.

"मामा, वहिनींना हाक मारा, बाळ उठलंय!"

भैरू दाराकडं वळला, तर अपेक्षाच आत आली. खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

"रडत व्हता म्हनून पाळण्यातनं उचलून आणला," ती थोपटत म्हणाली. "बघा की पोपटदादा, उचलल्याबरोबर कसा गप झाला."

पोपटनं टीव्हीकडं पाहिलं. रुद्र पाळण्यात रडतच होता.

चित्र अडकलं असणार, त्यानं मनाला समजावलं. पण तिथं खिडकीचा पडदा हलत होता, आणि रुद्रनं लाथ मारून उशी खाली पाडली. पोपटनं हिसडा देऊन केबल उपसली. स्विचवरचा दिवा विझला.

टीव्हीवरचं चित्र तसंच हलत राहिलं.

"वहिनी... घरात दुसरं कुणाचं लेकरू हाय का?"

"न्हाई की. का?" म्हणत तिनं टीव्हीकडं पाहिलं, आणि तिचा थोपटणारा हात जागीच थांबला. "रुद्र...? मंग हे... हे कोन हाय?"

खांद्यावरचं गाठोडं तिनं पोपटच्या हातात कोंबलं आणि किंचाळत घराकडं धावली. भैरू तिच्या मागं पळाला.

पोपटला हलताच येईना. दुपटं ओलं होतं, त्याला मातीचा वास येत होता, आणि आत वजन असं काही नव्हतंच. टीव्हीवर अपेक्षा खोलीत शिरली. तिनं रुद्रला छातीशी कवटाळलं आणि मटकन खाली बसली. लेकरू धडधाकट होतं. पोपटच्या डोळ्यांत पाणीच आलं. देवा, सुटलो, असं तो मोठ्यानं म्हणाला.

तिकडं अपेक्षानं रुद्रला पदराखाली घेतलं.

इकडं दुपट्यातलं ते हळूच पोपटच्या छातीशी सरकलं, आणि शर्टावरूनच चोखू लागलं.