डोळे उघडताना

विश्वास ठेवा असं मी म्हणणारच नाही. पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या घरात घडलंय आणि मी तिथे हजर होते.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. कॅनडातलं ग्वेल्फ. दुपार होती, बाहेर बर्फ पडत होता.

माझी भावजय अवंतिका बेसमेंटमध्ये तंजावर शैलीचं चित्र करत बसली होती. बाळकृष्ण. सोन्याचा वर्ख, खडे, सगळं लावून झालं होतं. राहिले होते फक्त डोळे.

या चित्रांत डोळे सगळ्यात शेवटी काढतात. आणि तेव्हा समोर माणूस बसवायचा नाही, आरसा ठेवायचा. देवाची पहिली नजर देवावरच पडली पाहिजे. शिकवणाऱ्या तमिळ बाईंनी तिला हे दहादा बजावलं होतं.

हिने काय करावं? आरशाच्या जागी पाच वर्षांच्या जाईला बसवलं. लेकीचे डोळे बघून कृष्णाचे काढायचे म्हणे!

मी टोकलं, तर हसून म्हणाली, "ताई, लहान मूल म्हणजे देवच की."

मी कपाळावर हात मारला आणि चहा टाकायला वर गेले.

थोड्या वेळाने खालून जाईचा आवाज आला...

"ममा, हू टर्न्ड ऑफ द लाइट?"

लाइट चालू होता.

डॉक्टर झाले, स्पेशालिस्ट झाले, स्कॅन झाले. सगळे म्हणाले, डोळ्यांत काही दोष नाही. पोर भिंतीवर आपटतेय आणि यांचे रिपोर्ट मात्र नॉर्मल! माझा भाऊ शंतनू रडून रडून अर्धा झाला.

चित्राकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी एकदा जवळ जाऊन बघितलं.

कृष्णाचे डोळे... ओले होते.

त्याच आठवड्यात मी जाईला वरणभात भरवत होते. अवंतिका खाली बेसमेंटमध्ये होती, दार लावून. जाई चावता चावता थांबली.

"आत्या, व्हाय इज ममा क्राइंग?"

घरात कसलाच आवाज नव्हता.

"तुला कसं कळलं गं?"

"आय कॅन सी हर. शी हॅज अ ब्रश."

मी ताट टाकून खाली धावले. अवंतिका कृष्णाच्या उजव्या डोळ्यावर पांढरा रंग फासत होती.

वरून जाईची किंकाळी आली.

अवंतिकाने घाबरून ओल्या फडक्याने रंग पुसला. त्याच्याबरोबर खालचा डोळाही निघून आला. नुसती लाकडाची फळी दिसायला लागली.

आता चित्र हॉलमध्ये टांगलंय. कृष्णाच्या उरलेल्या एका डोळ्यातून जाईला जेवढं दिसतं, तेवढंच दिसतं. कार्टून बघायचं असलं की चित्र टीव्हीसमोर ठेवतात. आईला बघायचं असलं की अवंतिका चित्रासमोर जाऊन उभी राहते. लेकीसाठी हसते. जाई सोफ्यावर भलतीकडे तोंड करून तिला टाटा करते. मला तर ते बघवत नाही हो.

काल अवंतिकाचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

हीटिंगने हवा फार कोरडी झालीय. चित्राला बारीक भेग गेलीय. हनुवटीपासून वर चढतेय, डोळ्याच्या बाजूने.

मी म्हटलं, अगं, वेळीच बुजवून घे.

 तर म्हणाली, "ताई, हात कोण लावणार?"

आज सकाळपासून तिचा फोन येतोय...

माझ्याच्याने उचलवत नाहीये.