उलट्या पावलांनी

गाडी घाटात शिरली तशी काच निवळली आणि डब्यातल्या सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अहाहा!" निघालं. छतापासून गुडघ्यापर्यंत नुसती काच आणि काचेत हिरवागार सह्याद्री. जिकडे पाहावं तिकडे पाण्याच्या पांढऱ्या धारा.

"आजोबा, बाहेर खरं तर धुकं आहे," दुसरीतली रेवा सदानंदबुवांच्या कानाशी लागली. "ही दर्शनकाच आहे. हिच्या दोन पापुद्र्यांच्या मधे चित्र उमटतं. धुकं, धूळ, खाणी, सगळं पुसलं जातं आणि नुसता डोंगर दिसतो."

"म्हणजे काच कीर्तनकारच की गं!" बुवा हसले. "आम्ही तरी दुसरं काय करतो? समोर गळका पत्र्याचा मंडप असतो, आम्ही तिथं द्वारका दाखवतो. फरक इतकाच, की शेवटी आरती करून आम्ही माणसांना पुन्हा मंडपात आणून सोडतो."

पलीकडच्या बाकावरचं जोडपंसुद्धा हसलं. बुवांच्या मुलीला, केतकीला मात्र हसू आलं नाही. तिने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

पुढच्या वळणानंतर कुडवली येणार होती. तिच्या अप्पांचं, म्हणजे बुवांचं गाव. वाघजाईचं देऊळ, समोर दीपमाळ, आणि देवळाची पूजा सांभाळणारा त्यांचा धाकटा भाऊ, तात्याकाका. अप्पा या मार्गाने जात तेव्हा तात्या देवळापाशी उभा राहून उपरणं हलवी आणि अप्पा दारातून चिपळ्या दाखवत. आजही चिपळ्या त्यांच्या मांडीवर होत्या.

आणि कुडवली उरलीच नव्हती. आषाढात एका पहाटे डोंगर खाली आला आणि देऊळ, घरं, तात्याकाका, सगळं पोटात घेऊन बसला. त्याच आठवड्यात अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. धक्का बसता कामा नये, डॉक्टरांनी बजावलं होतं. केतकी गप्प राहिली. मग दिवाळी आली, अप्पा हिंडूफिरू लागले, कीर्तनं करू लागले, आणि रोज सकाळी "मला एकदा कुडवलीला ने" म्हणू लागले.

"खाली उतरायला रस्ता नाही, अप्पा. गाडीतून दाखवते," ती म्हणाली होती. काचेत आपली स्वतःची आठवण भरायची सोय होती. केतकीने जुने फोटो दिले. काका कसा हवा, असं काचेने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, चेहरा गाडीकडे असू दे. हसरा.

"अगं, थांबवायला हवं होतंस हे," तिचा नवरा तन्मय पुटपुटला.

"आता नको ना बोलूस!"

वळण सरलं. काचेत कुडवली उगवली. लाल कौलं, शेणाने सारवलेली खळी, वाघजाईचा पांढरा कळस. आणि सभामंडपाच्या पायरीवर, ऐन मधोमध, तात्याकाका. उपरणं हलवत होता. हसत होता.

"ए, छोटे आजोबा!" रेवा ओरडली. ती लहान, तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

बुवांनी चिपळ्या उचलल्या. हात वर गेला आणि तिथेच थांबला.

"केतू," ते हळूच म्हणाले, "तात्या कुठंय?"

"समोर नाही का, अप्पा..."

"तो नव्हे. आपला तात्या." चिपळ्या खाली आल्या. "हा देवीकडे पाठ करून उभा आहे. मुंज झाल्यापासून तात्याने देवीला पाठ दाखवली नाही. उलट्या पावलांनी बाहेर यायचा, पायऱ्यासुद्धा उलट्या उतरायचा. मी चिडवायचो त्याला, पडशील एक दिवस म्हणून. मला हात करायचा तोही दीपमाळेच्या आडोशाला, अंग तिरकं करून." त्यांनी काचेवर बोट टेकलं. "हा कोण उभा केलायस?"

इतक्या सुट्ट्या त्या देवळात घालवूनही हे केतकीच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"चित्र काढ, पोरी."

"अप्पा, तुमची तब्येत..."

"काढ."

तिने चौकटीच्या कडेला बोट दाबलं. त्यांच्या बाकापुरती काच साधी झाली. बाहेर धुकं होतं, आणि धुक्यात तांबडा, सोललेला डोंगर. खाली चिखलाचा वाळलेला ओघ. त्यात कळस नव्हता, कौल नव्हतं. बाजूच्या बाकांवर हिरवळ चालूच होती. ते जोडपं धबधब्यासमोर फोटो काढत होतं.

उपरण्याच्या टोकाने बुवांनी कपाळावरचा बुक्का पुसला. सावकाश, सगळा.

"कधी?"

"आषाढात."

"पाणी कुणी दिलं त्याला?"

केतकीने नकारार्थी मान हलवली. देहही सापडला नव्हता.

"त्याला मूलबाळ नाही. ते माझं काम होतं, केतू. आणि मी काय करत होतो? नारदाच्या गादीवर उभा राहून लोकांना हसवत होतो. सुतकात शेकडो कपाळांना बुक्का लावला या हाताने. तू मला जगवलंस गं, पण माझ्या भावासाठी मला रडू दिलं नाहीस."

"तुम्ही गेला असता तर, अप्पा? मी कुणाला विचारायचं होतं?" ती हुंदका आवरत म्हणाली. "मला तुम्हीच हवे होता."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो केसांवरून फिरत राहिला. आणि मग एकाएकी तो थांबला.

"मग दर गुरुवारी फोनवर बोलतो तो कोण?"

तन्मयने मान वळवली. केतकीने डोळे मिटले. फोटोंच्या आधी तिने यंत्राकडून काकाचा आवाज करवून घेतला होता, त्याच्या फोनवरच्या जुन्या निरोपांवरून. तो कीर्तनातल्या चुका काढायचा, गुडघेदुखीची तक्रार करायचा, अप्पांना औषधांची आठवण करायचा. अप्पा त्याच्याशी बोलून त्या रात्री शांत झोपायचे. या प्रवासाचंही त्यांनी मागच्या गुरुवारी त्याला सांगून ठेवलं होतं.

आज गुरुवार आहे, हे घाईगडबडीत तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

बुवांच्या बंडीच्या खिशातला फोन वाजू लागला. पडद्यावर नाव होतं, तात्या. रेवाने आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. केतकीने फोन बंद करायला हात पुढे केला. बुवांनी तो अडवला. फोन त्यांनी उचलून कानाला लावला.

"दादा," आवाज आला, हुबेहूब, जरासा खोकत. "घाट लागला का रे? मी देवळापाशीच उभा आहे. दिसतोय का?"

बुवांनी काचेबाहेर पाहिलं. मग त्यांनी फोनवर तळवा दाबून धरला, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून, आणि केतकीकडे वळून विचारलं,

"केतू, याला कुणी सांगितलंय का, तो गेलाय ते?"