चार्ज कुणाला देऊ

बुद्धप्रियाची पाचव्या वर्षी द्यायची लसीची सुई राहिली होती, अन् त्या सुईपायी तिच्या आईची, मनिषाची, झोप उडाली होती. शेजारच्या गावात एका पोराला घटसर्प झालेला. इथल्या आरोग्य उपकेंद्राला मात्र पोळ्यापासून कुलूप. मनिषा स्वतः नर्सिंगचा कोर्स केलेली, भरतीची वाट बघत घरात बसलेली. ‘मोठी शिकलेली आई,’ ती स्वतःलाच टोमणा मारायची, ‘पोरीला एक सुई मिळंना तुझ्याच्यानं.’

आजही लाइट गेली. पोरीला आत निजवून ती उंबऱ्यात येऊन बसली. ओट्यावर तिचे सासरे, लिंबाजी, गल्लीतल्या पोरांना सांगत होते.

“भूतबित मी मानत न्हाई. पण जळकोट रोडचा व्यंकट माझ्यासंगं शिकलेला, खोटं बोलणारा माणूस न्हाई. परवाची अवस. शुक्रवार. नातवाला ताप, म्हणून टीव्हीवरल्या बातम्या संपल्या अन् गडी गाडी काढून गोळ्या आणायला निघाला. वाटंत आपलं उपकेंद्र. बघतो तर आत उजेड.”

“सिस्टर आली?” मनिषाचा धाकटा दीर आदर्श म्हणाला.

“त्याला बी तसंच वाटलं. आत गेला. तर खुर्चीवर... सिंधु सिस्टर.”

सिंधु सिस्टर सगळ्यांच्या ओळखीची. चार गावं एकटीच्या अंगावर. पोळ्याच्या रात्री एका गावचं बाळंतपण उरकून दुसऱ्या गावाला स्कूटीवर निघाली, अन् पुलाजवळ... डोळा लागला असणार, असं लोक म्हणाले. तिच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं.

“तिनं गोळ्या दिल्या. मान वर केली न्हाई. मग इचारलं, ‘नवी बाई आली का?’ व्यंकट म्हणला, न्हाई. ‘मग चार्ज कुणाला देऊ? चार्ज दिल्याबिगर सोडत न्हाईत हो मला...’”

लिंबाजींनी उपकेंद्राच्या दिशेनं बघितलं.

“मग, आबा?”

“मग... उजेड गेला. व्यंकट बाहेर. दाराला कुलूप. गंजलेलं. ... गोळ्या मात्र खिशात.”

आदर्श उसनं हसला. “जित्या नर्सा मिळंनात वहिनी, भुताचीच भरती करा म्हणावं.”

“तेच तर पाहिजे त्यांना!” मनिषा उसळली. “भूत पगार मागत न्हाई, रजा मागत न्हाई. जागा हायत, शिकलेल्या बाया हायत, अन् आम्ही इथं भाकरी थापत बसलोय! ती बाई मेली, तरी तिला सुट्टी न्हाई. कुलूप कुणी लावलंय मग? भुतानं?”

ओट्यावर ओरडून कुठं भरती निघते का, असं वाटून ती ओशाळली आणि आत वळली.

आत स्पिरिटचा वास होता.

मागच्या दाराला आतून कडी. पोरगी अंथरुणात उठून बसलेली. उजव्या हातानं डावा दंड धरून. बोटांखाली कापूस.

ओला.

“कुणी... कुणी दिला गं?”

“चोळायचं न्हाई म्हणली. दाबून धरायचं.”

“कोण म्हणलं?”

बाहेर लिंबाजींचा खोकला.

पोरीनं जांभई दिली. “आई, ती म्हणली, आईला सांग, लवकर ये. मला जायचंय.”