नजर बुरुजाखालची रांग

केनवडात माझी दोन नावं चालतात. पेन्शनच्या कागदावर माणिकराव आणि पारावर माणिक गप्पाड्या. दुसऱ्या नावाबद्दल माझी तक्रार नाही. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. रिसोडच्या रस्त्यावर बिबट्यानं पंजा दाखवून गाडी थांबवली आणि अर्धं तिकीट मागितलं, ही गोष्ट माझीच. गावात अजून दोन माणसं ती खरी मानतात. पण एका बाबतीत मी जन्मात थाप मारली नाही, ती म्हणजे माणसं मोजण्यात. गाडीतली डोकी आणि फाडलेली तिकिटं जुळल्याशिवाय मी घंटी देत नसे. बाकीचं सोडा, एवढं ध्यानात ठेवा.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सोयाबीन घरात आलं होतं, तूर फुलावर होती. रत्नमालाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हृदयाची एक झडप निकामी झाली होती आणि गुरुवारी अकोल्याला ऑपरेशन ठरलं होतं. रविवारी सकाळी चहाची बशी खाली ठेवून ती म्हणाली,

"लग्नाच्या पहिल्या वर्षी तुमी सांगलं होतं, वाशीमात गाडीच्या टपावर चढलं का आपलं केनवड दिसते म्हणून. चाळीस वर्षं झाले. आता तरी खरंखुरं दाखवा. मंग गुरुवारी काही झालं तरी माही हरकत नाही."

"काही होत नाही तुले."

"हेबी टपासारखंच हाय का?"

दहातले किती जण टेबलावरून परत येतात, तो आकडा डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितला होता.

त्याच सकाळी तिला घेऊन निघालो. वाशीमच्या कडेला टेकडीवर नजर बुरूज आहे. काळ्या दगडाचा, सात मजली, मजल्यामजल्याला अरुंद झरोके. अलीकडेच त्याची डागडुजी झाली. बाहेरून लिफ्ट बसवली, वर दुर्बीण ठेवली, खाली पाटी लावली : 'सहाही तालुके एका नजरेत'. ती पाटी रंगवणारा माझाच कोणी चेला असावा. तिकिटं दोन तऱ्हेची. साधं पांढरं घेतलं की रांगेत थांबायचं आणि आतल्या जिन्यानं चढायचं. 'थेट प्रवेश'चं गुलाबी घेतलं की रांग नाही, जिना नाही, सरळ लिफ्ट. रत्नमालाला चार पायऱ्यांत दम लागत होता. मी गुलाबी दोन घेतली.

"लोकाईची पाळी मारून जायचं बरं दिसत नाही," ती म्हणाली.

"लोकं कुठं हायेत? चपला हायेत."

खरंच होतं ते. आमच्या भागात रांगेत माणसं उभी राहत नाहीत. खताचं दुकान असो की बँक, आपला चपलेचा जोड रांगेत ठेवायचा आणि सावलीत जाऊन बसायचं. रांग सरकली की मागचा पुढच्याचा जोड पायानं ढकलतो. जोड आहे तोवर पाळी आहे, त्यावरून भांडण होत नाही. इथंही जिन्याच्या दारापासून फाटकाच्या दिशेनं उन्हात चपलांची ओळ लागलेली होती आणि माणसं निंबाखाली शेंगा फोडत बसली होती.

जित्याची खोड, मी मोजलं. जोड एकतीस. निंबाखाली माणसं एकोणीस. आजूबाजूला पाहिलं. मुतारी पाहिली, पाण्याची टाकी पाहिली. एकोणीसच.

आणि रांगेतला पहिला जोड उकंडरावचा होता.

उकंडराव आमच्या गावचा सुतार, माझा लंगोटीयार. त्याचा डावा पाय लहानपणापासून दोन इंच आखूड. म्हणून तो डाव्या चपलेला टायरचे तीन थर स्वतः ठोकतो. असा जोड सहा तालुक्यांत एकच. मला वाटलं, गड्यानं न सांगता वाशीम गाठलं. मी फोन लावला.

"कुठं हायेस बे?"

"घरी. ओट्यावर. काहून?"

"तुह्या चपला कुठं हायेत?"

"पायाखाली. तुह्यावानी डोक्यावर नसते घेत मी."

"उकंडा, इथं बुरुजाखाली तुह्या चपला ठेवेल हायेत. रांगेत. पहिला नंबर."

तो पोटभर हसला. "वयनीचं ऑपरेशन हाय रे. चार दिवस तरी थापा बंद ठेव."

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. लिफ्ट जिन्याला चिकटून वर जाते. पलीकडून पावलांचा आवाज येत होता. एक हलकं, एक जड. टप्, धप्. टप्, धप्. आमच्याच वेगानं वर येणारा. रत्नमालानं माझ्याकडे पाहिलं.

"उकंडा भाऊजी हायेत का?"

"ते घरी हायेत," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं हे पहिलं वाक्य, जे मलाच खोटं वाटलं.

वर गोल सज्जा आहे. जिन्याचं तोंड आणि लिफ्टचं दार समोरासमोर. वारा स्वच्छ होता. खाली बालाजी मंदिराचा कळस, पद्मतीर्थाचं हिरवट पाणी, काडी ठेवल्यासारखी रेल्वेची लाईन आणि त्यापुढे तुरीची पिवळसर शेतं पार धुरकट होईपर्यंत. पावलं शेवटच्या पायरीपर्यंत आली. टप्, धप्. तिथं थांबली. मी जिन्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. कोणी बाहेर आलं नाही. मग मी जाऊन वाकून पाहिलं. जिना रिकामा होता आणि आतून ताज्या रंध्याच्या भुशाचा वास येत होता.

रत्नमाला दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. मी वायव्येकडचा एक पांढरा ठिपका दाखवला आणि म्हटलं, हे केनवड.

"ते शिरपूर असन," ती म्हणाली. पण हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग दुर्बीण खाली वळवून म्हणाली, "अवो, ही रांग कुठलोक गेली?"

मी पाहिलं. खालून फाटकाच्या अलीकडेच संपणारी ती चपलांची ओळ वरून संपत नव्हती. ती फाटकातून बाहेर पडली होती, टेकडी उतरली होती आणि डांबरी रस्त्याच्या कडेकडेनं मंगरूळपीरच्या बाजूला निघाली होती. शेजारी शेजारी दोन दोन ठिपके. काळे, तांबडे, मध्येच एखादा पांढरा बूट. ट्रक जात होते, ओळ हलत नव्हती. नजर पुरत होती तिथवर ती होती.

"ऊन लागलं तुले," मी म्हणालो. "चाल खाली."

खाली उतरलो तेव्हा रांग फाटकाच्या आतच होती. तीस जोड. उकंडरावचा जोड नव्हता. मी खिडकीशी गेलो. तिकिटं फाडणारी रंजीता नावाची पोरगी होती, तिची पाटी बाहेर लावलेली होती.

"बाई, तो पहिला जोड कोणं नेला?"

"पाळी आली असन त्याची. घेऊन गेला."

"कोण? कसा होता दिसाले?"

खिडकी अगदी बुटकी होती. "बाबा, मले इथून फक्त हात दिसते," ती म्हणाली आणि तिकिटांचा गठ्ठा उगाच नीट केला.

वळलो तेव्हा मला सातवा जोड दिसला. किरमिजी रंगाचा, बायकी. उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो तांब्याच्या तारेनं शिवला होता. ती तार मीच शिवली होती, पोळ्याच्या आदल्या दिवशी. रत्नमाला माझ्या बाजूला उभी होती. तिच्या पायात किरमिजी चपला होत्या. उजव्या अंगठ्याला तांब्याची तार होती.

मी तिचा हात धरून तिला भराभर फाटकाबाहेर नेलं. ती म्हणाली, "हळू चाला ना. दम लागते." तिनं तिकडे पाहिलं नव्हतं.

केनवडला उतरलो तर उकंडरावच्या दारात माणसं जमली होती. दुपारी बाराच्या सुमारास ओट्यावर बसल्याबसल्या पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपला. माझ्या फोननंतर दहा मिनिटांत. त्याची सून सगळ्यांना एकच विचारत होती, बाबाच्या चपला कोणी उचलल्या का, इथंच तर होत्या.

सोमवारी पहिल्या गाडीनं मी वाशीमला गेलो. घरी सांगितलं, दवाखान्याचा कागद राहिला आहे. किरमिजी जोड पाचवा होता.

मंगळवारी तिसरा. मी तो उचलला. उन्हात नव्हता तरी आतून गरम होता, नुकताच पाय काढल्यासारखा. पिशवीत घातला आणि गाडीत बसलो. मालेगावला पिशवी उघडली. पिशवी रिकामी होती, पण तळ गरम होता. घरी आलो तर रत्नमाला पाय चोळत बसली होती.

"सकाळी सातच्या सुमारास कोणं तरी माहे दोन्ही पाय उचलल्यावानी झालं," ती म्हणाली. "पडता पडता वाचली."

बुधवारी दुपारी अकोल्याला निघायचं होतं. बुधवारी सकाळी जोड पहिला होता. जिन्याच्या दाराला टेकलेला.

मी कंडक्टर माणूस. रांग मोडणाऱ्याला मी आयुष्यभर खाली उतरवलं. मी इकडे तिकडे पाहिलं, जोड दोन्ही हातांनी उचलला, अलगद, देवाची मूर्ती न्यावी तसा, आणि फाटकाजवळ नेऊन सगळ्यांच्या मागे ठेवला. निंबाखालच्या माणसांनी मान वर केली नाही. दुसऱ्या नंबरचा जोड पहिला झाला. कोल्हापुरी होता, नवा कोरा, अजून करकरणारा. तो कोणाचा, हे मी पाहिलं नाही.

ऑपरेशन चार तास चाललं. डॉक्टर बाहेर आले आणि आमच्या मुलीला, अंजूला म्हणाले, तुमच्या आईचं नशीब थोर. आठव्या दिवशी रत्नमाला माझ्याशी भांडली, तेव्हा मला खात्री पटली.

तेव्हापासून मी रोज पहिल्या गाडीनं वाशीमला जातो. रत्नमालाला वाटतं, स्टँडवर रिटायर मंडळींसोबत बसतो. "किती गप्पा हाणता रोज?" ती विचारते. आता ती न थांबता विहिरीपर्यंत जाते. जोड कधी चार घरं पुढे आलेला असतो, कधी दहा. मी उचलतो, मागे ठेवतो, आठ-वीसच्या गाडीनं परत.

सुरुवातीला मला वाटलं, हे मला एकट्यालाच कळलं आहे.

मग एकदा काचेच्या आरशांचा घागरा घातलेली एक म्हातारी दिसली. तिनं वाकून एक मोठा बूट उचलला, पदरानं पुसला, मागे नेऊन ठेवला आणि गेली. मग शाळामास्तरसारखा दिसणारा एक जण. मग मोटारसायकलवरून आलेलं जोडपं, त्यांनी हेल्मेटसुद्धा काढलं नाही. हळूहळू मला सगळे ओळखू येऊ लागले. सकाळी सातच्या आसपास आम्ही पंधरा-सोळा जण असतो. कोणी कोणाकडे पाहत नाही. आपापला जोड घ्यायचा, मागे ठेवायचा आणि निघायचं.

म्हणजे आता पुढे कोण राहतं, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. ज्यांचं हलवायला कोणी येत नाही ते. ऊसतोडीला गेलेल्यांचे जोड, टाचा झिजलेले. एकट्या म्हाताऱ्यांचे. मी त्यांच्याकडे पाहत नाही. पाहिलं तर मोजावं लागेल.

या मंगळवारी धुकं होतं. मी पोचलो तेव्हा बाकीचे येऊन गेले होते. रत्नमालाचा जोड दुसरा होता. इतका पुढे तो कधी आला नव्हता.

पहिला जोड लहान होता. गुलाबी सँडल, टाचेत लाल दिवा असलेले. पाय दाबला की लागतो तो दिवा. चार-पाच वर्षांचं पोर असेल.

मी रत्नमालाचा जोड उचलला. नेहमीसारखा गरम होता. मग खाली पाहिलं.

डाव्या टाचेतला दिवा लागला. विझला. उजवा लागला. रांगेत उभं राहून कंटाळलेलं पोर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतं, तसे ते दिवे आळीपाळीनं लागत होते.

माझे दोन्ही हात भरलेले होते.

एक हात मोकळा करता आला असता. किरमिजी जोड क्षणभर खाली ठेवावा लागला असता, आणि खाली जागा होती ती फक्त पहिली.

खिडकीची फळी वर गेली. रंजीताचा आवाज आला, "चला, पहिला नंबर."

मी मागे वळलो आणि फाटकाकडे चालू लागलो. पळालो म्हणा. रत्नमालाचा जोड सगळ्यांच्या शेवटी ठेवला, नीट जुळवून, सरळ.

मग वर पाहिलं.

बुरुजाच्या पहिल्या झरोक्यात लाल ठिपका दिसला. थोड्या वेळानं दुसऱ्या झरोक्यात. तिसऱ्याला बराच वेळ लागला. उंच होत्या त्या पायऱ्या, त्याच्या मानानं.

चौथ्या झरोक्याशी तो थांबला आणि तिथून खाली, माझ्याकडे वळला.

मग पुन्हा चढू लागला.