आबांनी वाटलेली जोडी

एक कोडं घालते. दोन मुली, दोन कॉम्प्युटर आणि दोघींकडे अगदी एकसारखी वस्तू. एकीने त्या वस्तूच्या जोडीला तिच्याहूनही वेगवान वस्तू बसवली. मग तिचा कॉम्प्युटर जास्त चांगला चालायला हवा की नको? नाही चालला. उलट त्याने चंद्रावरची गाडी थेट खड्ड्यात घातली. असं का झालं असेल?

त्यातली एक मुलगी मी, रेवा. दुसरी शाल्मली, माझ्या काकांची मुलगी. साताऱ्यात आमचं एकच घर आहे, खाली ते राहतात आणि वर आम्ही. शाल्मली माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे आणि हे ती कुणाला विसरू देत नाही. मला तिचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

आमची मृणालआत्या चंद्रावरच्या तळावर (माणसांनी राहण्यासाठी बांधलेल्या वसाहतीत) काम करते. यंदा त्या तळाने मुलांसाठी एक परीक्षा ठेवली. चंद्राचे फोटो यायचे, त्यातल्या दगडांच्या सावल्या ओळखून आपल्या घरच्या कॉम्प्युटरने गाडीसाठी वाट शोधायची. साठ सेकंदांच्या आत, लागोपाठ तीनदा, एकही चूक न करता. जमलं तर खरीखुरी चांद्रगाडी घरबसल्या दहा मिनिटं चालवायला मिळणार. हे ऐकल्यापासून मला जेवण जाईना.

निघण्याआधी आत्याने आमच्यासाठी रॅमच्या दोन पट्ट्या मागवून ठेवल्या होत्या. रॅम म्हणजे काम चालू असताना माहिती हाताशी ठेवायची जागा. पण डबी घरी पोचली तेव्हा आत्या गेलेली होती आणि ती उघडली आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी. आबांचा जन्म कंदी पेढ्यांच्या दुकानात गेला. आम्ही दोघी भांडू नये म्हणून ते एकच पेढा उरला तर सुरीने मधोमध कापतात आणि दोन्ही तुकडे तराजूत घालून बघतात. त्यांनी एक पट्टी मला दिली, एक शाल्मलीला. "समसमान," असं म्हणून रिकामी डबी त्यांनी सुपारी ठेवायला घेतली.

पहिल्या सरावात शाल्मलीला सत्तर सेकंद लागले आणि मला एकाहत्तर. एका सेकंदाने ती पुढे. बरं, तिने चिडवलं असतं तरी चाललं असतं. तिने नुसता आकडा वहीत लिहिला आणि वही मिटली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मी मामाच्या मागे लागले. आत्याच्या पट्टीवर सहा हजार असा आकडा होता, मी मामाकडून आठ हजारवाली आणली. दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि सेटिंगमध्ये जाऊन दोघींना सात हजारांवर पळायला लावलं. ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने यंत्र चालवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. उत्तर बावन्न सेकंदांत आलं. शाल्मलीला ऐकू जावं म्हणून मी जिन्यात मुद्दाम धडाधड नाचले. वर येऊन पडद्यावर पाहते तर काय, माझ्या कॉम्प्युटरने एका खोल खड्ड्याला सपाट जमीन समजून गाडी आत सोडली होती. पुन्हा करून पाहिलं तर पडदा काळाच झाला.

गुरुवारी आत्याचा फोन आला. चंद्रावर बोलताना आपण प्रश्न विचारला की उत्तर यायला अडीच सेकंद लागतात, कारण आवाज तिथे जाऊन परत यायचा असतो. मी सगळं भडाभडा सांगितलं. खड्ड्यापर्यंत आले तेव्हा ती हसत होती, आबांच्या वाटपाचं कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

आत्या म्हणाली, कॉम्प्युटरचा प्रोसेसर म्हणजे गल्ल्यावर बसून डबे भरणारे आबा समज. कोठार लांब आत, म्हणून थोडे पेढे परातीत काढून जवळ ठेवायचे. ती परात म्हणजे रॅम. एकच परात असली तर एकच हात चालतो. दोन्ही बाजूंना एकेक परात ठेवली की दोन्ही हात चालतात. तुमच्या कॉम्प्युटरमध्येही माहिती नेणारे दोन रस्ते आहेत, तुमच्या दोघींचाही एकेक रस्ता रिकामा पडलाय. ती जोडी होती गं, एका यंत्रासाठी. कारखान्यात एकत्र तपासून एका डबीत घातलेली.

पण मी तर दुसरी पट्टी बसवली होती, आणि तीही जास्त वेगवान. ती का चालली नाही?

आत्याने मला पट्टीवरचा दुसरा आकडा वाचायला लावला. माझ्या नव्या पट्टीवर अठ्ठेचाळीस होता, आत्याच्या पट्टीवर तीस. "तू आत्ता प्रश्न विचारलास आणि अडीच सेकंद थांबलीस," आत्या म्हणाली. "मी कितीही भरभर बोलले तरी पहिला शब्द यायला तेवढं थांबावंच लागतं. पट्टीचंही तसंच असतं. पहिला आकडा म्हणजे ती किती भरभर बोलते, आणि दुसरा म्हणजे बोलायला लागण्याआधी किती ठोके थांबते."

या थांबण्याला लेटन्सी (मागितलेली माहिती हाती यायला लागणारा उशीर) म्हणतात. मोठ्या आकड्याच्या पट्टीचे ठोके भरभर पडतात, म्हणून नुसते ठोके मोजून भागत नाही. अठ्ठेचाळीसला आठने भाग, तिसाला सहाने भाग, असं आत्याने सांगितलं. आले सहा आणि पाच. म्हणजे माझी मोठ्या आकड्याची पट्टी उत्तर द्यायला जास्त वेळ घेत होती. लांबलचक माहिती सलग ओतायची असेल तर ती बरी, पण सावल्या शोधताना कॉम्प्युटर हजार ठिकाणचं थोडंथोडं मागतो, तिथे हा थांबा नडतो. शिवाय दोन वेगळ्या पट्ट्यांना एकाच तालावर चालावं लागतं, आणि मी आत्याच्या पट्टीला एकदम हजार पायऱ्या वर उडी मारायला लावली होती. ती धापा टाकत चुकीची उत्तरं देऊ लागली. अति घाई संकटात नेई, हे घाटातल्या पाटीवर वाचतेस ना, असं आत्याने विचारलं.

शेवटी ती म्हणाली की ज्या मदरबोर्डच्या (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीच्या) यादीत या पट्ट्यांचं नाव असेल, त्यातच जोडी बसवा. मी यादी पाहिली. माझ्या बोर्डाच्या यादीत नाव नव्हतं. शाल्मलीच्या बोर्डाच्या यादीत होतं.

परीक्षा रविवारी होती. मी शुक्रवारभर कुणाला काही बोलले नाही. खरं सांगते, मला गाडी नाही मिळाली तरी चालणार होतं, पण तिला मिळता कामा नये असं वाटत होतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तो हाच.

शनिवारी सकाळी मी खाली गेले, तिची फजिती बघायला. शाल्मलीने कॉम्प्युटरचं झाकण काढून त्यावर टेबलफॅन लावला होता. वही उघडी होती. सहा हजारांवर सत्तर सेकंद, सहा हजार दोनशेवर एकोणसत्तर, चारशेवर सदुसष्ट, सहाशेवर चूक. प्रत्येक पायरीवर तिने चार-चार तास तपासणी चालवली होती. मी एका उडीत जे बिघडवलं, ते ती पायरी पायरीने चढली होती. आता तर मला आणखीच हेवा वाटला.

"साठच्या खाली येतच नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला आत्याने सांगितलं असेल काहीतरी. तिचा फोन नेहमी वरच येतो. मला कधीच करत नाही ती."

म्हणजे हिच्याही पोटात दुखत होतं, आणि तेही माझ्यामुळे. मला जरा बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. मी वर गेले, कॉम्प्युटर बंद करून आत्याची पट्टी काढली आणि खाली आणून तिच्या वहीवर ठेवली. तिने फॅन थोडा माझ्याकडे वळवला.

पहिल्यांदा आम्ही पट्ट्या अगदी शेजारी शेजारी बसवल्या आणि वेळ काही घटेना. मी पुस्तिका वाचली तेव्हा कळलं, शेजारच्या दोन्ही खाचा एकाच रस्त्यावर असतात, मध्ये एक खाच सोडावी लागते. तशा बसवल्या आणि वेळ आली एकसष्ट सेकंद. मग पायरी पायरीने वर गेलो. सहाशेवर जोडीचीही चूक निघाली, म्हणून चारशेवर उतरलो आणि तिथेच थांबलो. अठ्ठावन्न सेकंद. रविवारी सकाळी तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही निर्दोष.

दुपारी चार वाजता चंद्रावरचा कॅमेरा आमच्या पडद्यावर सुरू झाला. आबा स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ घेऊन आले. पाच मिनिटं हिची, पाच मिनिटं तिची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"आबा," मी म्हणाले, "हे कापायचं नाही."

वळणं शाल्मलीने घेतली आणि सावल्या मी वाचल्या. आपण वळलो की चित्रात ते अडीच सेकंदांनी दिसतं, त्यामुळे दगड बराच पुढे असतानाच मला सांगावं लागे. तिने एकदाही मागे वळून, नक्की का, असं विचारलं नाही. आबा चावी न दिलेलं घड्याळ हातात धरून उभे होते.

आठव्या मिनिटाला तळाची खिडकी दिसली. आत आत्या उभी होती, हात हलवत होती. "कोण चालवतंय गं गाडी?" तिने फोनवरून विचारलं.

मी शाल्मलीचं नाव सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण तिने माझ्याआधी तोंड उघडलं आणि म्हणाली, "रेवा."

बघा, इथेही तीच पुढे. पुढच्या वर्षी तळावर दोन गाड्या असणार आहेत म्हणे. तेव्हा मी आधी बोलणार आहे.